इंद्रायणीबाई आणि मुंडकं

चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या आवारात, नर्सेसच्या वसतिगृहामागे, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होतं. इंद्रायणी निकम तिथे वीस वर्षं आया होत्या. कागदावर आया, प्रत्यक्षात त्या तिथल्या मालकीणच होत्या आणि हे डॉक्टरांपासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई मूळच्या कराडच्या. नवरा मोहन हवाई दलात सार्जंट होता, बदलीवर इथे आला, निवृत्तही इथेच झाला आणि आता सेक्टर सतरामधल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहायचा. मुलगा शिशिर बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते 'आई, यार, समझा करो' असं. बाईंना त्याचा राग यायचा. तसा त्यांना राग कशाचाही यायचा, कारण तो नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा.

पण एका शब्दाने त्यांची तळपायाची आग मस्तकात जायची. तो शब्द म्हणजे 'अपने आप'. संध्याकाळी एखादी नर्स ड्यूटी संपवून मूल न्यायला यायची आणि मूल तिला हात हलवून बाय-बाय करायचं. मग ती कौतुकाने म्हणायची, 'हाय, देखो, अपने आप सीख गई.' आपोआप! दोन आठवडे रोज सकाळी दारात उभं राहून, त्या मुलीचं मनगट धरून, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला बाईंनी टाटा केलेला असायचा. मुलगी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची, मग त्या जिकडे बघतात तिकडे, मग परत तोंडाकडे. त्या हसल्या की हसायची. बाई फक्त मूल जरा जोरात आईच्या हातात ठेवत.

दोन हजार तीन साल संपत आलं तेव्हा हेरंब पटवर्धन तिथे आला. पुण्याचा मुलगा, अमेरिकेत आठ वर्षं राहून यंत्रमानवावर पीएचडी करून आलेला. इस्पितळाच्या बालविकास विभागाने त्याला तीन महिन्यांसाठी प्रयोग करायला बोलावलं होतं. त्याच्याबरोबर एका लाकडी खोक्यातून एक डोकं आलं. नुसतं डोकं. अॅल्युमिनियमचा जबडा, चेहऱ्यावर रबराची पिवळट कातडी, डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे. ते मान वळवायचं, डोळे फिरवायचं, टाळूवर हात लागला तर मान खाली घालायचं. त्याला काहीतरी इंग्रजी आद्याक्षरांचं नाव होतं. बाई त्याला पहिल्या दिवसापासून 'मुंडकं' म्हणाल्या आणि आठवड्याभरात सगळे तेच म्हणू लागले, सरदार ड्रायव्हरसुद्धा.

हेरंब पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार करत म्हणाला, "काकू, किती बरं वाटलं इथे मराठी माणूस भेटलं."

"मी तुमची काकू न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यांना सकाळीच कळलं होतं की प्रयोगासाठी जी खोली हवी आहे ती त्यांचीच. तळमजल्यावरची, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेली. चंडीगडच्या थंडीत दहा-दहा दिवस धुकं हटत नाही आणि जेव्हा ऊन पडतं तेव्हा ते त्या एकाच खोलीत पडतं. मुलं तिथे गोधडीवर उन्हात लोळायची. तीन महिने खोलीचा अर्धा भाग प्रयोगाला द्यायचा असं ठरलं होतं. प्रयोग यशस्वी झाला तर खोली कायमची प्रयोगशाळेची. मग पाळणाघर मागच्या इमारतीच्या तळघरात जाणार आणि ते चालवायला एका एजन्सीला ठेका दिला जाणार. त्या दिवसांत सगळंच ठेक्यावर जात होतं, आधी झाडू, मग कँटीन, मग धुलाई. एजन्सीच्या पोरी पंचविशीच्या आतल्या असत आणि दर सहा महिन्यांनी बदलत. इंद्रायणीबाई चोपन्नच्या होत्या. त्यांचं काय होणार ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितल्यासारखंच होतं.

प्रयोग फसला तर मुंडकं खोक्यात घालून परत जाणार होतं. बाईंनी मनाशी ठरवलं की ते जाणार.

हेरंबने त्यांना आणि दुसरी आया कमलेश हिला समोर बसवून प्रयोग समजावला. मूल नऊ-दहा महिन्यांचं झालं की मोठं माणूस जिकडे बघतं तिकडे बघायला लागतं. त्यातूनच ते वस्तू, नावं, काय खायचं, कशाला भ्यायचं ते सगळं शिकतं. हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू त्यानेच शोध लावला आहे. आता प्रश्न असा, की यंत्राने मान वळवली तर मूल तिकडे बघेल का? बघितलं, तर उद्या यंत्रही मुलांना शिकवू शकेल, आणि मुलांकडे बघून यंत्रही शिकेल. "शेवटी मूल आपोआपच शिकतं हो," तो म्हणाला, "आपण फक्त समोर योग्य गोष्ट ठेवायची."

आपोआप. बाईंनी हातातली दुपटी घडी घालून बाजूला ठेवली. त्यांना त्याच क्षणी कळलं होतं की हा फसणार. वीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलं बघितली होती. मूल वस्तूच्या मागे जात नाही, माणसाच्या मागे जातं. आणि एखादी वस्तू आहे की कुणीतरी आहे, हे ते स्वतः ठरवत नाही. ते आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवतं. हे त्या हेरंबला दोन वाक्यांत सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही. आठ वर्षं अमेरिकेत राहून आलाय तर शोधू दे की, असं त्या रात्रीच्या जेवणात मोहनला म्हणाल्या. मोहन म्हणाला, तू तोंड गप्प ठेवलंस म्हणजे झालं. तेवढं एकच तुला जमत नाही.

गप्प बसणं हेरंबने स्वतःच त्यांच्या हातात आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवर टाईप केलेला कागद चिकटवला: प्रयोगाच्या वेळी खोलीतल्या आयांनी बोलू नये, मुलाकडे किंवा यंत्राकडे बघू नये, तोंड भिंतीकडे करून उभं राहावं. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून मुलाला इशारा मिळाला तर निकाल बिघडतो, असं त्याचं म्हणणं. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी कमलेशला स्वतःच्या डब्यातली थालीपीठं दिली.

मग डिसेंबरभर तेच चाललं. एकेक मूल उंच खुर्चीत बसवायचं. समोर टेबलावर मुंडकं. डावीकडे खेळण्यातली लाल बस, उजवीकडे निळी बस. मुंडकं 'पीं' करायचं, मूल त्याच्याकडे बघायचं, मग मुंडकं डावीकडे मान वळवायचं. आणि मूल मुंडक्याकडेच बघत राहायचं. किंवा खुर्चीचा पट्टा चावायचं. किंवा मान मागे टाकून बाईंचा अंबाडा शोधायचं. नऊ मुलं, एकेकाच्या वीस-वीस खेपा. खोलीच्या मधोमध बसवलेल्या काचेमागे बसलेला हेरंब रकान्यात फुल्या मारायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या इंद्रायणीबाई मनातल्या मनात त्याच्याबरोबर त्या मोजायच्या.

दोघांचं भांडण मात्र रोज व्हायचं. मुलांना उपाशी बसवू नका, मुंडक्याची वायर पायात येते, खिडकीचा पडदा लावू नका, पोरांना ऊन लागू द्या. तो म्हणायचा, उजेड बदलला की कॅमेरा बिघडतो. त्या म्हणायच्या, मग कॅमेऱ्याला टोपडं घाला. सगळं मराठीत. बाकीच्यांना वाटायचं की दोघं गावाकडच्या गप्पा मारतात. विभागाच्या प्रमुख डॉक्टर ग्रेवाल एकदा जाता जाता हसून म्हणाल्या, किती छान जमलं हो तुमचं दोघांचं. त्या वेळी हेरंब नुकताच म्हणाला होता की तुमच्यासारख्या माणसांमुळेच या देशात काही नवीन होत नाही, आणि बाई म्हणाल्या होत्या की तुमच्या आईनं तुम्हाला लहानपणी असल्या मुंडक्यापुढंच बसवलेलं दिसतंय.

जानेवारीत धुकं इतकं दाट पडलं की समोरची पार्किंगही दिसेना. त्याच आठवड्यात गुरनूर उभी राहायला लागली. स्टाफ नर्सची मुलगी, अकरा महिन्यांची, गालफुगी, हट्टी. बाईंची तिच्यावर माया जरा जास्तच होती. तिची पाळी आली तेव्हा तिला खुर्चीत बसायचंच नव्हतं, म्हणून हेरंबने काचेमागून सांगितलं की टेबलाला धरून उभी राहू दे. बाई तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या. मुंडकं 'पीं' म्हणालं. गुरनूरने त्याच्याकडे झेप घेतली, पाय सरकला आणि तिचं कपाळ त्या अॅल्युमिनियमच्या जबड्यावर आपटलं.

मूल पडलं की आपल्याकडे काय करतात ते कुणाला शिकवावं लागत नाही. जमिनीवर पडलं तर जमिनीला चापट मारायची, दाराला आपटलं तर दाराला. कराडला इंद्रायणीबाईंच्या आईने केलं, त्यांनी शिशिरसाठी केलं, गेली वीस वर्षं परक्यांच्या मुलांसाठी करत होत्या. हात डोक्याच्या आधी चालायचा. गुरनूरची किंकाळी ऐकताच त्या गर्रकन वळल्या, तिला कडेवर घेतलं आणि मुंडक्याच्या टाळूवर फाडकन चापट मारली.

"हात् रे मेल्या! बाळाला मारतोस? लागलं ना तिला?"

टाळूला हात लागला तशी मुंडक्याने मान खाली घातली.

"आता खाली बघतोस व्हय? परत करशील? कर बघू परत."

मुंडक्याने हळूहळू मान वर केली. गुरनूर रडायची थांबली होती. तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग मुंडक्याकडे, मग परत बाईंकडे. तेवढ्यात यंत्राचा ठरलेला कार्यक्रम पुढे सरकला आणि मुंडक्याने डावीकडे मान वळवली. गालावर पाणी तसंच असताना गुरनूरने डावीकडे लाल बसकडे बघितलं. मुंडकं उजवीकडे वळलं. तिने उजवीकडे बघितलं.

 काय झालं ते बाईंना हेरंबच्या आधी कळलं. इतके दिवस ते मुंडकं त्या मुलीच्या लेखी खुर्ची-टेबलासारखं होतं. बाईंनी त्याला शिव्या दिल्या आणि ते कुणीतरी झालं. ज्याच्याशी इंद्रायणीबाई भांडतात, तो कुणीतरी असणारच.

हेरंबने त्या खेपेच्या चित्रीकरणाची टेप पंधरा वेळा बघितली. दुसऱ्या दिवशी तो आला तो वेगळाच माणूस होऊन, पहिल्यांदाच आवाज खाली ठेवून. बाकीच्या आठ मुलांसमोर बाईंनी मुंडक्याशी तसंच बोलावं, रागवावं, काहीही करावं, एवढीच विनंती. बाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"बोलू नये. बघू नये. तोंड भिंतीकडं. तुमीच लिवलंय."

त्याने कागद काढतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, राहू दे, मला तोच पटला. मग त्याने कमलेशला पुढे केलं. कमलेश मुंडक्याला पहिल्यापासून घाबरायची. ती समोर गेली आणि ते वळताच ओढणी तोंडावर घेऊन मागे सरली. ते बघून दोन मुलांनी असं भोकाड पसरलं की पुढचे चार दिवस ती मुलं त्या दाराच्या आत यायला तयार नव्हती. शेवटी हेरंब स्वतः मुंडक्यासमोर उभा राहिला आणि कोटाच्या खिशात हात घालून त्याला 'हॅलो' म्हणाला. मुलं त्याच्या खिशातल्या पेनकडे बघत राहिली. बाईंनी भिंतीकडे तोंड करून पदराने हसू पुसलं. दीड महिना असा गेला. एका गुरनूरवरून काही सिद्ध होत नाही, एक मूल म्हणजे योगायोग, हे हेरंबनेच कमलेशला चिडून सांगितलं होतं, आणि बाईंनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी समिती आली. डॉक्टर ग्रेवाल आणि दोन साहेब. ऊन स्वच्छ पडलं होतं, मुलं गोधडीवर होती. खुर्चीत अंगद नावाचा दहा महिन्यांचा मुलगा बसवला होता. मुंडक्याने चारदा मान वळवली आणि अंगद चारही वेळा स्वतःच्या मोज्याकडे बघत राहिला. एका साहेबांनी घड्याळ बघितलं. काचेमागे हेरंबचा चेहरा पांढरा पडला होता. भिंतीकडे तोंड केलेल्या इंद्रायणीबाईंच्या मनात तळघराची पायरी पहिल्यांदाच दूर गेली.

गुरनूर आता चालत होती. गोधडीवरून उठून, दोन्ही हात हवेत धरून ती टेबलापाशी कधी पोचली ते कुणाला कळलं नाही. तिने टाचा उंचावल्या आणि मुंडक्याच्या टाळूवर फाडकन चापट मारली.

"हात्," गुरनूर म्हणाली.

मुंडक्याने मान खाली घातली. गुरनूरने भुवया आवळल्या, हनुवटी पुढे काढली आणि तर्जनी हलवून त्याला आपल्या भाषेत बरंच काही सुनावलं. आवाज ऐकून बाई वळल्या होत्या आणि त्यांना ते ध्यान समोर दिसलं. त्या भुवया त्यांच्या होत्या. ती हनुवटी, बोट हलवताना एक खांदा वर जायचा तोसुद्धा. खोलीतल्या कुणालाही ते ओळखायला वेळ लागला नसता. मुंडक्याने मान वर केली आणि उजवीकडे वळवली. मोजा सोडून गुरनूरकडे टक लावून बसलेल्या अंगदने उजवीकडे, निळ्या बसकडे बघितलं. मग डावीकडे. मग परत उजवीकडे.

 मग डॉक्टर ग्रेवालनी चष्मा काढून विचारलं, "ये बच्ची अपने आप सीखी, या किसी ने सिखाया?" आणि त्यांनी लगेच स्पष्टही केलं, की आपोआप झालं असेल तर तो योगायोग, आणि योगायोगासाठी मी पाळणाघराची खोली काढून घेणार नाही. कुणी शिकवलं असेल, कसं ते कळत असेल, तर गोष्ट वेगळी.

हेरंबने बाईंकडे बघितलं. त्याच्याकडे जानेवारीची टेप होती, पण ती नियम मोडलेली, त्याच्याच नियमाने बाद झालेली. कमलेशने बाईंना डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. 'पता नहीं जी' एवढे तीन शब्द पुरे होते. खोली राहिली असती, ऊन राहिलं असतं, बाईही राहिल्या असत्या. आणि गुरनूर टेबलाला धरून मागे वळून बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आपण बरोबर केलं ना, असं विचारत.

इंद्रायणीबाईंच्या कानात 'अपने आप' वाजत राहिलं. वीस वर्षं.

"मैंने सिखाया," त्या म्हणाल्या. "अपने आप कुछ नहीं होता, डॉक्टरसाहब. टाटा करना, चम्मच पकड़ना, गुस्सा करना, सब मैंने सिखाया है. इसको भी, और इसके पहले जितने गए उन सबको भी."

आणि मग सगळं सांगितलं. चापट, शिव्या, मूल आधी कुणाच्या तोंडाकडे बघतं आणि मग कुठे. एक साहेब लिहून घेत होते. हेरंबही लिहून घेत होता. बाईंना बोलताना कळत होतं की आपण आपल्या हाताने खोलीचं दार उघडून देत आहोत, पण थांबावंसं वाटलं नाही. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मार्चअखेर खोली गेली. हेरंबच्या अहवालात 'मुलांच्या परिचयातील एक प्रौढ व्यक्ती' एवढा उल्लेख आला, नाव नाही. एजन्सीच्या पोरी तळघरात रुजू झाल्या. सामान आवरायच्या दिवशी हेरंब दारात आला आणि अडखळत म्हणाला, "बाई, प्रयोगशाळेत या ना. यंत्राशी बोलायला माणूस लागणारच आहे."

"माणूस लागतं हे कळाया तुमाला तीन म्हैने आणि माझी खोली लागली," बाई म्हणाल्या. "मी न्हाई येणार. तो कागद तेवढा काढा भिंतीवरनं. तुमच्या हातानं."

त्याने तो नखांनी खरवडून काढला. बाईंनी तो पूर्ण निघेपर्यंत उभं राहून बघितलं आणि मग गुरनूरला कडेवर घेतलं. शेवटचं तेवढं एकच मूल त्यांच्या हाताने तळघरात पोचवायचं राहिलं होतं. दारात गुरनूरने मागे वळून मुंडक्याला टाटा केला. मुंडकं बंद होतं, अंगावर प्लॅस्टिक होतं. तिने परत हात हलवला. काहीच झालं नाही, तसं तिने नेहमीप्रमाणे बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"झोपलाय तो," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

आणि आपण मुंडक्याला 'तो' म्हणालो हे कळल्यावर त्यांना स्वतःचाच असा संताप आला, की तळघराच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी त्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. मुलगी मात्र सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होती.